कलेजीवर वाढलेले ढालकिडे

शनिवार पेठेतल्या सुशीलाबाई पटवर्धनांनी आपल्या फ्लॅटमधली मागची खोली तनुजा इंगोलेला भाड्यानं दिली, पण त्याआधी तिची रीतसर परीक्षा घेतली. मांस-मच्छी खातेस का? नाही. मित्रमंडळी घरी येणार का? नाही. शिकतेस काय?

"कीटकशास्त्र."

"म्हणजे किडेच ना?"

"हो काकू."

"किडे शिकायला वाशिमहून पुण्याला? तिकडचे संपले वाटतं."

तनुजाला पुणेरी बोलण्याची अजून सवय नव्हती. ती गंभीरपणे म्हणाली, "किडे तिकडेपण आहेत काकू, प्रयोगशाळा इथे आहे." सुशीलाबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि किल्ली हातावर ठेवली.

तिचे वडील वाशिम डेपोत एसटीचे ड्रायव्हर. घरात मुलीच, आणि सगळ्यांत जास्त शिकलेली ही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम.एस्सी.ला आली आणि एका साध्या प्रात्यक्षिकात जी अडकली ती अडकलीच. सरांनी चवळीची एक शेंडी काचेच्या बशीत ठेवली होती. शेंडीवर मावा गच्च बसलेला. मावा म्हणजे कोवळ्या पालवीला, कळ्यांना चिकटून रस शोषणारी मोहरीएवढी कीड. सरांनी त्यात ढालकिड्याची अळी सोडली. ढालकिडा सगळ्यांनी पाहिलेला असतो, मसुरीच्या डाळीएवढा, नारिंगी पाठीवर काळे ठिपके. त्याची अळी मात्र कुणी ओळखत नाही. काळपट, काटेरी, मगरीच्या पिल्लासारखी. त्या अळीनं एक मावा उचलला, शोषून चिपाड फेकलं, दुसरा उचलला. बाकीची मुलं आकृती काढून जेवायला गेली. तनुजा बशीपुढून उठली तेव्हा मेस बंद झाली होती.

तिच्याच वर्गात रविराज होता. माणचा. हिंजवडीला लागून असलेलं हे गाव. आयटी कंपन्या आल्या तशी तिथली शेतं एकामागून एक काचेच्या इमारतींखाली गेली. रविराजच्या वडिलांनीही बरीचशी जमीन विकली होती. उरलेल्या तुकड्यावर एक पत्र्याची शेड होती, आणि रविराजच्या डोक्यात एक कल्पना होती.

"तनू, फवारणी सगळ्यांना नको झालीय. गुलाबवाले, जरबेरावाले, भाजीवाले. आपण ढालकिडे वाढवायचे आणि डब्यात घालून विकायचे. किडे तू बघ, बाहेरचं मी बघतो."

त्याच सुमारास तनुजा कृषी अधिकाऱ्याची परीक्षा पास झाली होती. नेमणूक गडचिरोलीला मिळत होती. वाशिमला पेढे वाटून झाले होते. ती रविराजला म्हणाली, सरकारी नोकरी सोडायची म्हणजे घरच्यांना काय सांगू? तो म्हणाला, "सांग की पार्टनर झालेय. कंपनी आपली दोघांची."

वडील फोनवर एवढंच म्हणाले, "बाई, कागदावर काही आहे का?"

"मित्र आहे बाबा. त्याला काय कागद मागू?"

आई मागून ओरडली, "काहून नाही मागायचा?" पण तोवर तनुजानं नकाराचं पत्र टाकलंही होतं.

*

पहिली काही वर्षं फार चांगली गेली. पुढं तनुजा कितीही कडवट झाली तरी ही वर्षं तिनं कधी नाकारली नाहीत.

ढालकिड्यांना खायला मावा लागतो, आणि तोही जिवंत. मावा वाढवायचा तर झाडं हवीत. म्हणून शेडच्या एका भागात चवळीचे ट्रे. चवळी हातभर झाली की तिच्यावर मावा सोडायचा, मावा माजला की ते ट्रे ढालकिड्यांच्या जाळीत सरकवायचे. एका खाणाऱ्यासाठी दोन थरांची शेती. सकाळी शनिवार पेठेतून निघून, हिंजवडीच्या त्या जगप्रसिद्ध गर्दीत दीड-दोन तास बसमध्ये उभं राहून तनुजा माणला पोचायची आणि हात धुऊन थेट ट्रेकडे वळायची. पिवळ्याधमक अंड्यांचे पुंजके पानाखाली दिसले की तिला दिवसभराचं जेवल्यासारखं वाटे.

पहिलं गिऱ्हाईक घरचंच मिळालं. रविराजचे चुलते रावसाहेब. त्यांचाही बराच जमीनजुमला इमारतींखाली गेला होता, पैसा आला होता, पण एका एकरावर त्यांनी गुलाबाचं पॉलिहाऊस हट्टानं ठेवलं होतं. हट्ट खरा त्यांच्या बायकोचा, यमुनाबाईंचा. त्यांना फ्लॅटमध्ये करमत नसे. सकाळी उठून त्या गुलाबात जात, कळ्या कापत, जुड्या बांधत. वर्षानुवर्षं बंद प्लॅस्टिकखाली मारलेल्या औषधांनी त्यांची छाती धरली होती. डॉक्टरांनी सांगितलं, एकतर फवारणी बंद, नाहीतर गुलाब बंद.

"म्हंजी गुलाबच बंद," रावसाहेब म्हणाले होते. "मावा काय माझ्या शब्दावर जानार हाय व्हय?"

तनुजानं पहिल्यांदा ढालकिडे सोडले तेव्हा ते पॉलिहाऊसच्या दारात कमरेवर हात ठेवून उभे होते. चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं की हा पोरखेळ आहे. पंधरवड्यात कळ्या स्वच्छ झाल्या. यमुनाबाई प्रत्येक ओळीतून फिरून आल्या, एक पान उलटं करून नवऱ्याला अळी दाखवली.

"बघा, कशी वरपतीया. पंगतीला बसल्यावानी."

"हाय खरं," रावसाहेब म्हणाले आणि त्या दिवसापासून तनुजाला 'म्याडम' म्हणू लागले. यमुनाबाई 'पोरी' म्हणत. तनुजा त्यांना मावशी म्हणे. दुपारी शेडमध्ये डबा उघडण्याऐवजी ती पुष्कळदा यमुनाबाईंच्या चटईवर जाऊन बसे, गुलाबांच्या कडेला, आणि बाजरीची भाकरी खात खात त्यांना किड्यांच्या गोष्टी सांगे. बाईंना त्यातली एक फार आवडली होती: ढालकिड्याची मादी जिथं मावा नाही तिथं अंडी घालत नाही. "शहानी हाय," त्या म्हणत. "लेकरं उपाशी पडतील तितं घर करत न्हाई."

*

गिऱ्हाईकं वाढली. रविराज बोलण्यात पटाईत, गाडी घेऊन तळेगावपासून जुन्नरपर्यंत फिरे. मागणी शेडला झेपेना. त्यात एका उन्हाळ्यात चवळी करपली, आणि जी थोडी वाचली तिच्या माव्यावर, त्याच्या पोटात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या पडल्या. मावा फुगून भुसा झाला. ढालकिडे उपाशी. उपाशी ढालकिडे काय करतात ते तनुजाला ठाऊक होतं: मोठे धाकट्यांना खातात, अळ्या अंडी खातात.

तिनं मग खटाटोप सुरू केला. माव्याशिवाय ढालकिडा जगवायचा. बकऱ्याची कलेजी शिजवून वाटायची, त्यात अंड्याचा बलक, मध, यीस्ट. जन्मात मांसाला हात न लावलेली मुलगी रोज सकाळी माणच्या मटणाच्या दुकानापुढं उभी राहू लागली. खाटिक एकदा काळजीनं म्हणाला, "म्याडम, रोज कलेजी नेताय. रक्त लईच कमी हाय का?" सुशीलाबाईंना तिनं यातलं अवाक्षर कळू दिलं नाही, संध्याकाळी घरात पाय ठेवण्याआधी शेडमध्येच आंघोळ करून, कपडे बदलून जाई.

पहिल्या लगद्यावर अळ्या मेल्या. दुसऱ्यावर अर्ध्यामुर्ध्या जगल्या. वर्ष-दीड वर्ष असंच गेलं, आणि मग एका सकाळी जाळीत नारिंगी पाठीचे नवे ढालकिडे फिरताना दिसले, ज्यांनी जन्मात मावा पाहिला नव्हता. तनुजा खाली बसून ते मोजू लागली. रविराजनं तिला खांद्याला धरून उठवलं, गदगदा हलवलं. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं, हे तिनं पाहिलं होतं. ते खोटं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात त्यानं चवळीचे ट्रे काढून टाकले. तनुजा म्हणाली, एक कोपरा तरी राहू दे. तो म्हणाला, "कशाला? तूच तर सोडवलंस." तिला ते कौतुक वाटलं. रिकाम्या झालेल्या भागात आयटीतल्या मुलांच्या हॉस्टेलांना डबे पुरवणारं स्वयंपाकघर आलं. रविराजला एक बक्षीस मिळालं, नवउद्योजक म्हणून. व्यासपीठावर त्यानं 'आमची टीम' असं म्हणून तनुजाच्या दिशेनं हात केला. ती टाळ्या वाजवत होती.

*

काहीतरी चुकतंय हे तिला आधी डोळ्यांनी कळलं. किडे किंचित लहान झाले होते. पाठीचा नारिंगी रंग फिका, पाणी घातलेल्या आमटीसारखा. अंड्यांचे पुंजके विरळ. तिनं मध वाढवून पाहिला, बलक वाढवून पाहिला. वजन थोडं सुधारलं आणि पुढच्या पिढीत पुन्हा घसरलं.

मग तिनं जे खरं पाहायला हवं होतं ते पाहिलं. रावसाहेबांच्या गुलाबाची मावा लागलेली एक कळी आणून जाळीत ठेवली आणि समोर स्टूल घेऊन बसली.

ढालकिडे कळीवर चढले. माव्याच्या अंगावरून चालत गेले, पलीकडून उतरले. एकानं तोंड लावलं आणि सोडलं. अळ्या लगद्याची बशी जिथं रोज असे त्या कोपऱ्यात जाऊन थांबल्या. दुसऱ्या दिवशीही तिथंच. तिसऱ्या दिवशी त्यांतल्या दांडग्यांनी बारक्यांना खायला सुरुवात केली. कळीवर मावा तसाच, उलट वाढलेला.

तनुजानं रविराजला बोलावून दाखवलं.

"यांना शिकार कळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बशीत आयतं खाल्लंय. जन्मल्यापासून माव्याचा वास नाही, चव नाही. पोट भरतं, अंगात बळ नाही, आणि समोर आलेलं अन्न आहे हेच समजत नाही."

"पण जगतात ना?"

"जगतात. कामाचे नाहीत."

"गिऱ्हाइकाला जिवंत पाहिजेत. जिवंत देतोय."

"रवी, उपाय आहे. अवघड नाही. दर थोड्या पिढ्यांनी शेतातले रानटी किडे यांच्यात मिसळायचे. आणि डब्यात भरायच्या आधी आठवडाभर जिवंत मावा खायला घालायचा. सरावतात. मी करून पाहिलंय, बऱ्याच जणांना परत कळतं. फक्त चवळी परत लावायला हवी."

"जागा कुठंय? डबेवाल्याशी करार झालाय."

"मग दुसरीकडे जागा घे."

रविराज जाळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्यापेक्षा सोपं आहे. डब्याबरोबर सूचना देऊ. किडे सोडायच्या चार दिवस आधी एक हलकी फवारणी करून पीक स्वच्छ करा. मावा मरेल, मग लोक आपले किडे सोडतील. पीक चांगलं दिसेल. सगळे खूश."

तनुजाला आधी वाटलं तो चेष्टा करतोय.

"म्हणजे मारणार औषध, आणि नाव किड्यांचं?"

"नाव कुणाचं का असेना. तू शास्त्रज्ञ आहेस, तुला असं बोलायला परवडतं. मला शेड चालवायचीय."

ती भांडली. त्या दिवशी, त्या आठवड्यात, पुढं महिनाभर. एकही डबा बाहेर जाऊ देणार नाही म्हणाली. तो ऐकून घेई, "बघू" म्हणे. अखेर एक दिवस म्हणाला, "ठीक आहे, फेब्रुवारीनंतर चवळी लावू. एवढा गुलाबाचा हंगाम जाऊ दे." तिनं विश्वास ठेवला. तेवढ्यात वाशिमहून फोन आला, वडिलांना अर्धांगाचा झटका. ती रातोरात निघाली.

*

जानेवारी संपता संपता ती परतली. बस माणच्या फाट्यावर थांबली तशी शेडकडे न जाता आधी यमुनाबाईंकडे गेली; आईनं त्यांच्यासाठी कुरडया दिल्या होत्या.

पॉलिहाऊसमध्ये शिरताच पायाला चिकट लागलं. माव्याची चिकटाई. तो साखरपाणी सोडतो, ते पानांवर, जमिनीवर सांडतं. तिनं वर पाहिलं. कळ्याच्या कळ्या हिरव्या माव्यानं लडबडल्या होत्या. प्रेमदिनाचा माल, तोडणी आठवड्यावर आलेली. रविराजनं आपले डबे चुलत्याकडेही पाठवले होते. आणि रावसाहेबांनी, सूचना वाचूनही, बायकोसाठी फवारणी केली नव्हती.

"किडं सोडल्यात की पोरी," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, कोडं पडलेलं होतं. "पर त्येंचं ध्यानच न्हाई कामाव. ह्ये बघ."

चटईवर त्यांची ताटली होती. सकाळचा शिरा थोडा उरलेला. ताटलीच्या काठाला, साखर लागलेल्या जागी, फिके नारिंगी ढालकिडे दाटीवाटीनं बसले होते. हातभर अंतरावर फांदी माव्यानं वाकली होती.

"ग्वाड लागतंय त्यास्नी," यमुनाबाई म्हणाल्या. "म्या हाकललं न्हाई. खाऊ दे म्हनलं, दमलं आसतील."

 तनुजा तिथंच उकिडवी बसली. मग रावसाहेब आले आणि तिनं त्यांना सगळं सांगितलं: कलेजी, चवळी, पिढ्या, फवारणीची युक्ती. काही लपवलं नाही. लगदा आपणच शोधला हेही सांगितलं.

रावसाहेबांनी ताटलीच्या काठाचे किडे वाकून पाहिले. "आन् रव्याला ह्ये ठावं व्हतं?"

"हो काका."

"सख्ख्या चुलत्याला खड्ड्यात घातलं त्येनं."

ती म्हणाली, अजून काही दिवस आहेत, प्रयत्न करू. मुळा नदीच्या काठी गोठेवाल्यांचा लसूणघास उभा होता. गुरांच्या त्या चाऱ्यात या दिवसांत मावा असतो आणि त्याच्यामागं रानचे ढालकिडे. तनुजा आणि यमुनाबाई दोघी जाळी आणि बरण्या घेऊन घासात उतरल्या. यमुनाबाईंना दम लागे, त्या बांधावर बसत, पुन्हा उठत. रानचे किडे ठसठशीत, तुकतुकीत. गुलाबात सोडले तसे मिनिटभरही न थांबता कळीच्या देठाशी गेले आणि तोंड घातलं. यमुनाबाई टाळी वाजवून हसल्या. "हे आपल्यातले!" त्या म्हणाल्या.

दोन-तीन ओळी खरोखर निवळू लागल्या. सगळं पॉलिहाऊस निवळायला मात्र आणखी तीन आठवडे तरी हवे होते.

रावसाहेबांचा मुलगा दिग्विजय हे सगळं बाहेरून पाहत होता. त्याला गुलाबात कधीच रस नव्हता. त्या एकरावर हॉस्टेल बांधायचं त्याच्या मनात कधीचं होतं, पण निदान हा हंगाम तरी पदरात पडावा एवढं त्याला वाटत होतं. एका दुपारी, दोघी घासात असताना, त्यानं माणसं बोलावून सगळीकडे कडक औषध मारून घेतलं. आईला सांगायचं ठरवलं होतं म्हणे. संध्याकाळी मित्रांबरोबर बाहेर गेला आणि विसरला. दोघींना परतायला अंधार झाला, म्हणून त्या आत शिरल्याच नाहीत.

सकाळी नेहमीप्रमाणे यमुनाबाई आत गेल्या. बंद प्लॅस्टिकखाली रात्रभर कोंडलेली वाफ. त्या आधी ढालकिडे पाहायला वाकल्या असणार, कारण सापडल्या त्या पहिल्याच ओळीत, गुडघ्यावर कोसळलेल्या. भोवती जमिनीवर रानचे किडे उताणे पडले होते.

तनुजा दवाखान्यात पोचली तेव्हा अतिदक्षता विभागाच्या बाहेर सगळी भावकी जमली होती. रविराजही. रावसाहेबांनी त्याची गचांडी धरली होती. रविराज हात जोडून, रडवेल्या आवाजात, पण अगदी स्पष्ट शब्दांत सांगत होता:

"अण्णा, मला त्यातलं शास्त्र कळत नाही. फॉर्म्युला तिचा. कलेजी तिनं आणली, लगदा तिनं केला. मी फक्त विकलं. विचारा तिला, हे खोटं असेल तर."

सगळ्यांच्या माना वळल्या. तनुजा जिन्याच्या तोंडाशी उभी होती. खोटं नव्हतं. शब्द न् शब्द खरा होता, आणि असा रचला होता की त्यात तिला पाय ठेवायला जागा उरू नये. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं त्याला, विकू नको म्हणून." कुणी ऐकल्यासारखं केलं नाही. दिग्विजय भिंतीला टेकून मोबाइलकडे बघत होता. फवारणी कुणी केली याचा उच्चार त्या घोळक्यात कुणीच केला नाही; तो घरचा होता.

रावसाहेबांची रविराजच्या गळपट्टीवरची मूठ सुटली. "म्याडम," ते म्हणाले, "तुमी जावा आता."

*

यमुनाबाई वाचल्या. पण नाकाला नळी लागली ती सुटली नाही. पॉलिहाऊसचं प्लॅस्टिक उतरलं, सांगाडा भंगारात गेला. त्या जागी आता दिग्विजयचं हॉस्टेल उभं आहे.

तनुजानं कंपनी सोडली. सोडली म्हणायचं, दुसऱ्या आठवड्यात गेली तर शेडचं कुलूप बदललेलं होतं. पार्टनर असल्याचा पुरावा मागायला गेली असती तर कशावर बोट ठेवणार होती? वडिलांनी अडखळत्या जिभेनं फोनवर काही म्हणायचा प्रयत्न केला. ते काय म्हणत होते ते आईनं सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र तिनं केली. जुन्या गिऱ्हाइकांना एकेकाला फोन लावले. त्यांना समजावून सांगितलं की हे किडे मावा खात नाहीत, तुम्ही आधी मारता त्या औषधानं पीक वाचतं, मग किड्यांसाठी कशाला पैसे घालवता. तिला वाटलं होतं लोक चिडतील, रविराजला जाब विचारतील. जुन्नरच्या जरबेरावाल्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमचं भांडण झालंय का सरांशी?"

"प्रश्न तो नाहीये."

"नाही, तसं असेल तर मिटवून घ्या. आमचं छान चाललंय. किडे सोडले असा बोर्ड लावला की व्यापारी चांगला भाव देतो. विषमुक्त म्हणून माल जातो. आता ते खातात की नाही खात, ते कशाला बघायचं आम्ही?"

दुसऱ्यानंही जवळपास हेच सांगितलं. तिसऱ्यानं तिचा नंबर ब्लॉक केला. तिनं फोन करणं थांबवलं. फसवणारा एक आणि फसणारे अनेक असं तिनं धरलं होतं. इथं फसायला कुणी तयारच नव्हतं.

यथावकाश एका मोठ्या कंपनीनं रविराजचा धंदा विकत घेतला, लगद्याच्या कृतीसकट. आता तो कार्यक्रमांतून नैसर्गिक शेतीवर बोलतो. चांगलं बोलतो.

मधल्या काळात तनुजानं सरकारी परीक्षेचं पाहिलं, पण वयाची मर्यादा उलटून गेली होती. कॉलेजात विचारलं, तिथं पीएच.डी. हवी होती. शेवटी शनिवार पेठेतच, राहत्या घरापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर, कृषी अधिकाऱ्याच्या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासमध्ये ती शिकवू लागली. यवतमाळ, हिंगोली, बुलढाण्याहून आलेली मुलं-मुली, डोळे पुस्तकात आणि जीव निकालात. ती बरी शिकवते. तिच्या विषयात मुलं पैकीच्या पैकी गुण आणतात.

सुशीलाबाई आता थकल्यात. ती पहाटे बाहेर पडताना दिसेना म्हणून त्यांनी विचारलं, "तुझे किडे सोडलेस वाटतं?"

"त्यांनीच मला सोडलं, काकू."

"हं." जराशानं म्हणाल्या, "भाडं मात्र पुढच्या महिन्यापासून वाढेल. माणसांची संख्या तीच आहे, महागाई वाढलीय."

यमुनाबाईंना भेटायला ती एकदाच गेली. बाराव्या मजल्यावर फ्लॅट. रावसाहेब घरात होते, पण आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत; टीव्हीचा आवाज मोठा झाला तेवढंच. यमुनाबाई खुर्चीत, शेजारी हवा ओढणारं यंत्र घुरघुरत होतं. त्यांनी तनुजाचा हात हातात घेतला.

"पोरी, तुज्यावर राग न्हाई बग माजा."

तनुजाला त्यानं बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. खाली उतरताना लिफ्टमध्ये तिच्या लक्षात आलं की मावशींच्या तोंडून तिला शिव्या हव्या होत्या. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर तिलाही कुणाला तरी घालता आल्या असत्या.

गेल्या महिन्यात सराव परीक्षेत प्रश्न होता: 'फुलशेतीतील माव्याच्या जैविक नियंत्रणासाठी बाजारात उपलब्ध असलेला परिणामकारक पर्याय कोणता?' चार पर्यायांत दुसऱ्या क्रमांकावर रविराजच्या जुन्या ब्रँडचं नाव होतं, आणि उत्तरसूचीप्रमाणं तेच बरोबर. हिंगोलीची मैत्री नावाची एक मुलगी, पुढच्या बाकावर बसणारी, तिनं हात वर केला.

"मॅडम, माझ्या मामांनी हे वापरलं होतं. काही फरक पडला नाही म्हणत होते. मग हे उत्तर कसं?"

वर्ग तिच्याकडे पाहू लागला. तनुजाच्या हातात खडू होता. सांगायचं म्हटलं तर सगळं सांगता आलं असतं. तासाला बराच वेळ शिल्लक होता.

"मामांनी आधी फवारणी केली नसेल," ती म्हणाली.

मुलांना तो विनोद वाटला. ती हसली नाही, तेव्हा हळूहळू हसू विरलं. मैत्री अजून उभीच होती.

"मग लिहू काय, मॅडम?"

"गुण हवे आहेत ना? पर्याय क्रमांक दोन लिही," तनुजा म्हणाली आणि फळ्याकडे वळून पुढचा प्रश्न वाचू लागली.